परक्याचे मन ओळखणारे लोक

अभ्यासपाठ : मोठ्यांचा वर्ग व शब्बाथ शाळेचे शिक्षक यांच्यासाठी
शास्त्रपाठ : निर्गम २३:९, लेवीय १९:९-१० व ३३-३४, अनुवाद २४:१४-१५, याकोब ५:१-६
पाठांतरासाठी : लेवीय १९:३४
पाठाचा उद्देश : समुद्रापार गेलेल्या आपल्या लोकांची आठवण करून, आपल्या दारी आलेल्या परक्याशी देवाच्या इच्छेप्रमाणे कसे वागावे हे शिकणे.



परक्याला छळू नये, ही आज्ञा नियमशास्त्रात एकदाच आलेली नाही. ती पुन्हा पुन्हा येते. निर्गमाच्या २३ व्या अध्यायात मात्र देव त्या आज्ञेला एक विशेष कारण जोडतो. इस्राएल लोक स्वतः मिसरात परके होते, म्हणून परक्याच्या मनात काय चालते हे त्यांना ठाऊक आहे, असे ते कारण आहे. या पाठात आपण ह्या एकाच कारणाचा विचार करू. परक्याचे मन ठाऊक असणे ही देवाने आपल्या लोकांजवळ ठेवलेली ठेव आहे. दुःखातून मिळालेले हे ज्ञान आपण कशासाठी वापरतो, हा आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

१. शास्त्रातील परके

अब्राहाम आपला देश सोडून निघाला आणि जन्मभर तंबूत राहिला. सारा मरण पावली तेव्हा तिला पुरण्यापुरतीही जमीन त्याच्या मालकीची नव्हती. आपण उपरी आहोत असे सांगून त्याला ती विकत मागावी लागली (उत्पत्ति २३). याकोब लाबानाकडे सात वर्षांच्या बोलीवर राबला. ती भरल्यावर त्याची फसवणूक झाली आणि आणखी सात वर्षे त्याच्या माथी आली. लाबानाने आपली मजुरी दहादा बदलली, अशी तक्रार तो उत्पत्ति ३१:७ मध्ये करतो. पुढे दुष्काळ पडला आणि हाच याकोब म्हातारपणी मुलाबाळांसह मिसरात गेला.

त्या वेळी याकोबाच्या घराण्यातील सत्तर माणसे मिसरात गेली, असे शास्त्र सांगते. संख्या सांगून शास्त्र थांबत नाही, त्यांची नावेही देते (उत्पत्ति ४६). निर्गमाचे पुस्तकही नावांनीच सुरू होते, आणि इब्री भाषेत त्या पुस्तकाला ‘नावे’ याच अर्थाच्या शब्दाने ओळखतात. शिक्षकांनी हे वर्गाला अवश्य सांगावे. पुढे फारोच्या मुकादमांनी ज्यांना विटांच्या हिशेबात मोजले, त्यांची नावे देवाने आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेविली.

२. मुंबई बंदरातून उसाच्या बेटाकडे

आता आपल्याच लोकांच्या एका प्रवासाकडे वळू. हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेस, मॉरिशस नावाचे लहानसे बेट आहे. तेथे उसाचे मोठे मळे होते आणि आफ्रिकेतून व मादागास्करातून आणलेले गुलाम त्यांत राबत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथे गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. ते हिंदुस्थानातून करारावर आणण्याचे इंग्रज सरकारने ठरविले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदरात पोहोचले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या मार्गाने त्या बेटावर उतरली.

यांतील बहुतेक लोक कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे, पण त्यांत आपल्या मराठी मुलखातील कुटुंबे होती आणि त्यांतली पुष्कळशी रत्नागिरी भागातली होती. कोकणची जमीन खडकाळ. भात पिकले तरी खोताचा वाटा दिल्यावर घरात वर्षभर पुरेल इतके उरत नसे. घाट चढावा किंवा मुंबई गाठावी, हे तेथील गरिबाला नवे नव्हते. मुंबईच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला कोणी पाच वर्षांचे काम, पगार आणि पोटाला अन्न यांचे वचन दिले, तर तो गलबतावर चढे.

करार पाच वर्षांचा असे. पुरुषाला महिना पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ व कपडा अशी साधारण बोली होती. सुरुवातीच्या काळात निघतानाच काही महिन्यांचा पगार आगाऊ देत आणि पुढे तो मजुरीतून वळता करून घेत. ‘अॅग्रीमेंट’ या इंग्रजी शब्दाचे आपल्या लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि करारावर गेलेल्यांना गिरमिटिये हे नाव पडले. मजुरांची फसवणूक होते अशा तक्रारी इतक्या वाढल्या की १८३९ मध्ये सरकारने ही वाहतूक बंद केली. १८४२ मध्ये ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली.

कोकणातून गेलेल्या बाईचे मन कसे असेल, याचा वर्गात विचार करावा. पायाखाली जमीन नाही, चोहीकडे पाणी. शेजारी निजलेल्या बाईची बोली वेगळी. पाच वर्षांनी परत येऊ असे नवरा म्हणतो, पण गावच्या थडग्यांवर आणि देव्हाऱ्यांवर पुन्हा दृष्टी पडेल की नाही, हे तिला सांगायला कोणी नाही. निर्गमाचा लेखक परक्याच्या मनाबद्दल बोलतो, ते हेच मन.

३. पोर्ट लुई येथील एक थडगे

या बेटाशी मराठी मंडळीचा आणखी एक संबंध आहे. तो मजुरांच्या जहाजांहूनही जुना आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांना तो ठाऊक नसतो.

१८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सालेम बंदरातून ‘कॅराव्हान’ नावाचे जहाज निघाले. त्यात सॅम्युएल न्यूवेल आणि त्यांची नवविवाहित पत्नी हॅरिएट होती. हॅरिएट तेव्हा अठरा वर्षांची होती. ती दोघे जूनमध्ये कलकत्त्यास पोहोचली, पण कंपनी सरकारने त्यांना राहू दिले नाही. तेव्हा ती मॉरिशसला निघाली. त्या वाटेवर जहाजातच हॅरिएटला मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत ती वारली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएट पोर्ट लुई येथे मरण पावली. तिला एकोणीस वर्षे पुरी होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

सॅम्युएल न्यूवेल यांनी घराची वाट धरली नाही. ते सिलोनला गेले आणि तेथून १८१४ मध्ये मुंबईस आले. त्यांचे सोबती गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट आदल्याच वर्षी, ११ फेब्रुवारी १८१३ रोजी, मुंबईत उतरले होते. याच कामातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने वारले. पुढे याच मिशनमधील रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात काम सुरू केले. कोल्हापूर निपाणीपासून काही तासांच्या नव्हे, बैलगाडीच्या काळातही एका दिवसाच्या वाटेवर आहे.

बेळगावचीही गोष्ट अशीच समुद्राशी जोडलेली आहे. तेथे लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये काम सुरू केले. त्याच सोसायटीचे जाँ लेब्रूँ हे १८१४ पासून मॉरिशसमध्ये गोरगरिबांच्या आणि गुलामांच्या मुलांना शिकवीत होते.

म्हणजे आपल्या भागात सुवार्ता आली ती देश सोडून निघालेल्या, एका बंदरातून हाकलल्या गेलेल्या, परक्या मातीत आपली मुले पुरलेल्या माणसांच्या हातून आली. ज्यांनी शास्त्र आपल्या हाती दिले ते स्वतः परके होते. मग परक्याची आज्ञा आपण कशी विसरावी?

४. उत्तरेकडचे एक गलबत

त्याच शतकात युरोपच्या उत्तर टोकाकडूनही कुटुंबेच्या कुटुंबे समुद्रावर निघाली होती. तुलनेसाठी त्यांची गोष्ट उपयोगी आहे.

१८२५ च्या जुलैत नॉर्वेच्या स्टाव्हांगर बंदरातून ‘रेस्टॉरेशन’ नावाचे लहानसे गलबत अमेरिकेस निघाले. त्यात बावन्न माणसे होती. त्यांपैकी काही क्वेकर पंथाचे, तर काही हान्स नील्सेन हाउगे यांच्या जागृतीतून आलेले साधे विश्वासणारे होते. सरकारी मंडळीच्या नियमांचा त्यांना जाच होत असे. वाटेत एक मूल जन्मले आणि ९ ऑक्टोबर रोजी त्रेपन्न माणसे न्यूयॉर्कला उतरली. गलबताच्या आकाराच्या मानाने माणसे फार, म्हणून कायद्याप्रमाणे त्यांना जबर दंड झाला आणि गलबत अडकवून ठेवण्यात आले. त्यांनी अर्ज केला आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी तो दंड माफ केला.

त्यांच्या मागोमाग शंभर वर्षांत आठ लाखांवर नॉर्वेजियन लोक अमेरिकेत गेले. शिडाच्या जहाजावर दोन-तीन महिने लागत आणि शिधा प्रवाशाने स्वतःचा न्यावा लागे. घरातली एक लाकडी पेटी बरोबर असे. तिच्यावर नाव रंगविलेले, आणि आत कपडे, अवजारे, शास्त्र, गीतांचे पुस्तक व प्रश्नोत्तरावली. आधी घर बांधावे, मग मंडळी उभारावी आणि जमेल तेव्हा नॉर्वेहून पाळक बोलवावा, असे त्यांनी केले.

या नॉर्वेजियन कुटुंबांचे आणि आपल्या गिरमिटियांचे दुःख एका बाबतीत सारखेच होते. आईबापांच्या थडग्यांकडे पाठ फिरवून दोघेही गेले. पण एक मोठा भेदही होता. नॉर्वेजियन शेतकरी स्वतःच्या इच्छेने गेला. १८६२ च्या कायद्यानंतर तर तेथे वस्ती करून कसणाऱ्याला एकशे साठ एकर सरकारी जमीन मिळू शके. आपला माणूस मळ्याला बांधून गेला. त्याने मळा सोडला तर तो गुन्हेगार ठरे.

किनाऱ्यावर आलेल्या परक्याचे दोन प्रकारे स्वागत होऊ शकते, हे याच काळातल्या दुसऱ्या एका घटनेवरून दिसते. १८५६ च्या आरंभी ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ ही दोन जहाजे कलकत्त्याहून मजूर घेऊन मॉरिशसजवळ आली. जहाजांवर पटकीची साथ होती. माणसांना बंदरात न घेता गॅब्रिएल नावाच्या ओसाड बेटावर उतरविण्यात आले. तेथे धड निवारा नव्हता, पाणी व औषध पुरेसे नव्हते. शेकडो माणसे तेथेच मेली. साथीची भीती खरी होती, हे मान्य केले पाहिजे. पण भीती खरी असली म्हणून माणसाला खडकावर सोडून देता येत नाही. कुष्ठरोग्याला हात लावणाऱ्या प्रभूचे आपण शिष्य आहोत.

५. मजुरी आणि नाव

मॉरिशसच्या मळ्यांवरचे दोन नियम आपण शास्त्राच्या प्रकाशात पाहू.

पहिला मजुरीचा. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापीत. आजारी माणूस अशा रीतीने महिनाअखेर रिकाम्या हाताने घरी जाई. हा अन्याय कायद्याच्या चौकटीत चालला होता, हे ध्यानात घ्यावे. अनुवाद २४ मध्ये देव सांगतो की मोलकऱ्याला, तो आपला भाऊ असो की परका, सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो. याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे म्हटले आहे. हिशेबाच्या वहीत बरोबर लिहिलेली मजुरीही देवाच्या कानी ओरडू शकते.

दुसरा नावाचा. बंदरावरच्या डेपोत उतरलेल्या प्रत्येक माणसाला एक आकडा मिळे. करार संपवून मोकळ्या झालेल्यालाही ओळखपत्र बाळगावे लागे. १८६७ च्या कायद्यानंतर त्यावर छायाचित्रही आले. ते जवळ नसले तर पोलीस धरून नेत. शेवटी १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी सरकारकडे अर्ज केला. त्यांना साहाय्य करणारा अॅडॉल्फ द प्लेविट्झ हा मजुरांपैकी नव्हता. तो युरोपियन होता आणि एका मळ्याची देखरेख करीत असे. त्याच्या स्वतःच्या वर्गाचे लोक त्याच्यावर उलटले आणि त्याने भर रस्त्यात मारही खाल्ला. पण त्या अर्जामुळे १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला.

मालकांच्या बाजूचा एक मनुष्य मजुरांच्या बाजूला येऊन उभा राहिला, हे आपण विशेष लक्षात ठेवावे. फारोच्या वाड्यात वाढलेला मोशे आपल्या भावांची ओझी पाहायला बाहेर गेला, त्याची येथे आठवण होते.

आणि त्या आकड्यांचे पुढे काय झाले? डेपोतील नोंदवह्या मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. आज पणतू-खापरपणतू तेथे जातात आणि त्याच आकड्यावरून आपल्या पूर्वजाचे नाव, गाव आणि चेहरा शोधून काढतात. ज्याने माणसाला आकडा केले त्याच वहीतून नाव परत मिळाले. देव आपल्या लोकांना नावाने हाक मारतो (यशया ४३:१), आणि मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो (योहान १०:३).

पाच वर्षांसाठी गेलेल्यांपैकी पुष्कळ जण तेथेच राहिले. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. तेथील मराठी वंशाच्या लोकांच्या घरात आता बहुधा क्रिओल बोलतात, तरी शाळांतून मराठी शिकविली जाते आणि कोकणातला जाखडीचा नाच तेथे अजून टिकून आहे. बंदरावरील डेपोच्या जागेला ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २ नोव्हेंबर हा दिवस तेथे मजुरांच्या आगमनाची आठवण म्हणून सार्वजनिक सुट्टीने पाळतात. यहोशवाने यार्देनेतून बारा धोंडे काढून उभे केले, ते अशासाठीच, की मुलांनी विचारावे आणि बापांनी सांगावे.

६. आपल्या शिवारातील टोळी

इथवर आपण समुद्रापारचे पाहिले. आता वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी आणि घटप्रभा यांच्या खोऱ्यांत येऊ. येथेही ऊस आहे, आणि तो तोडायला दूरची माणसे येतात.

दिवाळीच्या सुमारास निपाणी, चिकोडी, संकेश्वर या बाजूला टोळ्या उतरतात. कोणी बीडकडचे मराठी बोलणारे, कोणी विजापूरकडचे कन्नड बोलणारे. शेताच्या कडेला किंवा गायरानात कोप्या उभ्या राहतात. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाने हंगामापूर्वी ‘उचल’ दिलेली असते आणि तोडलेल्या टनांतून ती फिटवायची असते. एक दिवस खाडा झाला की त्या दिवसाची कमाई बुडते, शिवाय पुष्कळ ठिकाणी वर दंडही कापतात. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. पहाटे अंधारात बायका भाकरी थापून फडात जातात. मोठी मुलगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळायला कोपीत राहते. सायंकाळी वाढ्यांच्या पेंढ्या विकून मिठामिरचीचे पैसे होतात.

वाचकांनी आता मागचा भाग पुन्हा आठवावा. आगाऊ पैसे आणि उचल. दुप्पट कपात आणि खाड्याचा दंड. तेथे माणसाचा आकडा, येथे माणसाचा कोयता. काळ बदलला आहे, कायदे बदलले आहेत, आणि हे लोक समुद्र ओलांडून आलेले नाहीत, हे खरे. तरी ज्या आज्ञेने मॉरिशसच्या मळेवाल्याचा न्याय होतो, तिच्यापुढे आपल्यालाही उभे राहावे लागेल. आपल्या मंडळ्यांतून उसाचे मालक आहेत, ट्रॅक्टरवाले आहेत, कारखान्यात नोकरी करणारे आहेत, दुकानदार आहेत, शिक्षक आणि परिचारिका आहेत. टोळीशी कोणत्या ना कोणत्या रीतीने आपला सर्वांचा व्यवहार होतो. आपल्या चहात साखर आहे तोवर तो होतच राहणार.

७. सीमेवरील मंडळीला विशेष शब्द

आम्ही सीमाभागातील लोक परकेपणा पुस्तकातून शिकलेलो नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तेव्हापासून येथे राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्याच गावात आपली भाषा जपण्याची काळजी वाहावी लागली आहे. कागद एका भाषेत, घर दुसऱ्या भाषेत, आणि मुलाला कोणत्या शाळेत घालावे याचा घोर, हे येथील प्रत्येक घराला माहीत आहे. आणि येथे कन्नड बोलणारे विश्वासणारे आपल्याच बाकावर बसतात. त्यांच्याही मनात अशी काळजी असते, हे आपण पाहतो.

या अनुभवाचे दोन उपयोग होऊ शकतात. एक म्हणजे तो उगाळत बसावे, आपल्यावर काय झाले एवढेच मोजावे आणि आपल्याहून परका कोणी दारी आला की त्याला ओळख देऊ नये. शास्त्रात याचेही उदाहरण आहे. मिसरातून सुटलेल्यांच्याच वंशातील शलमोनाने देशातील परक्यांची मोजदाद केली. ते १,५३,६०० भरले. त्यांपैकी सत्तर हजारांना ओझी वाहायला, ऐंशी हजारांना डोंगरात धोंडे फोडायला लावले आणि उरलेल्या तीन हजार सहाशेंना त्यांच्यावर मुकादम नेमले (२ इतिहास २:१७-१८). आणि हे मंदिर बांधण्यासाठी केले! ज्यांच्या बापांनी विटा केल्या, त्यांच्या मुलांनी परक्याच्या पाठीवर धोंडे दिले. परकेपणाचा अनुभव असूनही माणूस परक्याचे मन विसरू शकतो. म्हणूनच देवाला ही आज्ञा पुन्हा पुन्हा द्यावी लागली.

दुसरा उपयोग बवाजाने केला. मवाबी रूथ त्याच्या शेतात सरवा वेचायला आली, तेव्हा त्याने ती कोण हे विचारले, तिला पाणी दिले, जेवायला बसविले, तिला कोणी त्रास देऊ नये म्हणून गड्यांना ताकीद दिली आणि तिच्यासाठी मुद्दाम कणसे टाकायला लावली. बवाज हा राहाबेच्या वंशातला, असे मत्तयाच्या वंशावळीवरून दिसते. यरीहोची ती परकी बाई त्याच्या घरात होती. परक्याचे मन त्याला घरातूनच कळले असेल, असे आम्हांस वाटते. त्याच शेतातून पुढे दावीद आला, आणि दाविदाच्या वंशात आपला प्रभू, ज्याला बाळपणीच आईबापांनी रातोरात मिसरात नेले.

शेवटच्या दिवशी प्रभू ज्या गोष्टी विचारील म्हणून सांगतो, त्यांत हीही आहे की तो परका असताना कोणी त्याला घरात घेतले (मत्तय २५). टोळी कोणती भाषा बोलते, हे तो विचारणार नाही. बीडची टोळी मराठी बोलते म्हणून आपली, आणि विजापूरची कन्नड बोलते म्हणून परकी, असा भेद आपण केला तर सीमेवर राहून आपण काहीच शिकलो नाही.

८. मंडळीने काय करावे

काही साध्या गोष्टी आम्ही सुचवितो. त्यांना मोठा निधी लागत नाही.

पहिली, नावे विचारावीत. आपल्या गावाजवळ कोप्या पडल्या असतील तर शब्बाथ शाळेच्या दोघा-तिघा शिक्षकांनी सायंकाळी तेथे जावे, घराघराची नावे आणि गावे विचारून घ्यावीत, आणि त्या नावांनी प्रार्थना करावी. ‘टोळी’साठी प्रार्थना करणे वेगळे आणि नाव घेऊन करणे वेगळे.

दुसरी, मुले. हंगामापुरत्या चालणाऱ्या साखर शाळा काही ठिकाणी असतात. जवळ अशी शाळा असेल तर मुलांना तेथे पोहोचवावे, नसेल तर गावच्या शाळेत बसू द्यावे म्हणून गुरुजींशी बोलावे. कोपीशेजारी रोज तासभर अक्षरे आणि अंक शिकविण्याइतके शिक्षक आपल्या मंडळ्यांत आहेत. हे करताना मुलांच्या आईबापांची संमती घ्यावी. भाकरीच्या बदल्यात धर्म असा व्यवहार आपण कधीही करू नये. बवाजाने रूथीला अट घातली नव्हती.

तिसरी, मजुरी. ज्यांच्या शेतात तोड चालते त्यांनी टोळीच्या वाट्याचे पैसे वेळेवर आणि पूर्ण द्यावेत, आणि रात्री-अपरात्री आजारी पडलेल्याला दवाखान्यात नेण्याची सोय करावी. जो विश्वासणारा मुकादमाचे किंवा वाहतुकीचे काम करतो, त्याने आपला हिशेब अनुवाद २४ समोर ठेवून तपासावा.

चौथी, आपली स्वतःची आठवण. प्रत्येक मंडळीत अशी घरे आहेत ज्यांची मुले पुणे, मुंबई, बेंगळुरू किंवा आखातात कामाला गेली आहेत. त्यांना तेथे कोणी घरी बोलाविले, कोणी खोली दाखविली, पहिल्या रविवारी कोण शेजारी बसले, हे त्यांच्याकडून वर्गाला सांगवावे. आपल्या मुलाला परक्या शहरात जे मिळावे म्हणून आई प्रार्थना करते, ते दुसऱ्याच्या मुलाला आपल्या गावात मिळाले पाहिजे.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१) निर्गम २३:९ मधील आज्ञेला देवाने कोणते कारण जोडले आहे? ते कारण आपल्या घराण्याला कसे लागू होते?
२) याकोबाची लाबानाकडील चाकरी आणि मॉरिशसचे गिरमिट यांत कोणते साम्य दिसते?
३) ‘रेस्टॉरेशन’ गलबताचा दंड माफ झाला, तर ‘हैदरी’च्या लोकांना ओसाड बेटावर उतरविले. आपल्या गावी साथ आली असता परक्याशी आपण कसे वागलो?
४) शलमोन आणि बवाज या दोघांनीही परक्याला पाहिले. दोघांच्या पाहण्यात काय फरक होता?
५) आपल्या गावाजवळ या हंगामात किती कोप्या आहेत? त्यांतील कोणाचे नाव आपणांस ठाऊक आहे?

लहान मुलांच्या वर्गासाठी : नकाशावर रत्नागिरी, मुंबई आणि मॉरिशस दाखवावे. प्रत्येक मुलाने एक कागदी पेटी करून तिच्यावर आपले नाव लिहावे आणि दूर देशी जाताना आपण कोणत्या तीन वस्तू नेऊ, ते आत लिहावे. नंतर रूथीची गोष्ट सांगावी.

प्रार्थनेचे विषय : समुद्रापार असलेली मराठी कुटुंबे, दूर शहरी कामाला गेलेली आपली मुले, या हंगामात आपल्या शिवारात राबणारी माणसे, नावाने, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी व कन्नड मंडळ्या, की त्यांनी एकमेकींचे मन ओळखावे.

पुढचा रविवार येण्यापूर्वी पाचव्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ असावे, अशी आमची नम्र विनंती आहे. प्रभू आपणां सर्वांस परक्याचे मन देवो. आमेन.